हँड गिअर ते फ्लोअर गिअर : एका दांडीचा प्रवास

ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना 'वाहने विकणे आहे' हा रकाना आठवत असेल. दोन-तीन ओळींची जाहिरात. शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून शब्द मोजूनमापून वापरलेले. त्यात फियाट गाडी असली, की मॉडेलचं साल, रंग, एका मालकाची की दोघांची, एवढं सांगून झाल्यावर बऱ्याचदा दोन गोष्टी यायच्या : बकेट सीट आणि फ्लोअर गिअर. शब्दाला किंमत मोजावी लागली की माणूस महत्त्वाचं तेवढंच लिहितो, हे कविता लिहिणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. मग प्रश्न असा, की इंजिनाबद्दल मौन पाळणारा विक्रेता गिअरची दांडी कुठून निघते हे का सांगत होता? त्या दांडीला एवढं मोल कुठून आलं?

मित्रहो, आज बोलायचं आहे ते या दांडीबद्दल. इतिहास म्हटलं की आमच्या भागात देवगिरीचा किल्ला, वेरूळची लेणी, मलिक अंबरच्या नहरी आठवतात. आठवल्याच पाहिजेत. पण नहरीला नाव मिळालं ते मलिक अंबरचं. ती खोदणाऱ्या हातांचं नाही. मोटारीच्या इतिहासातही हेच झालं. कंपन्यांची नावं राहिली, मालकांची राहिली. ज्या मिस्त्र्यांनी या गाड्या तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं चालत्या ठेवल्या आणि चालता चालता बदलूनही टाकल्या, त्यांचा उल्लेख कुठे सापडत नाही. गिअरच्या दांडीचा प्रवास सांगायचा तो त्यांच्यासाठी.

गिअर लागतो कशाला?

आमच्या शहरातली पाणचक्की अनेकांनी पाहिली असेल. खाली पात्यांवर पाण्याचा झोत पडतो आणि वर जातं फिरतं. पाण्याचा जोर ठरलेला, दळण्याचं कामही ठरलेलं. वेग बदलायची गरज नाही. मोटारीचं तसं नाही. उभी गाडी हलवायची तर जोर हवा, धावू लागली की वेग हवा. खुलताबादहून म्हैसमाळचा चढ चढताना एक मागणी, वाळूजच्या सपाट रस्त्यावर दुसरी. इंजिन मात्र एकच. त्या एका इंजिनाकडून कधी जोर, कधी वेग काढून घ्यायचा तर मध्ये लहानमोठ्या दात्यांच्या चक्रांची पेटी हवी. तीच गिअर बॉक्स. आणि कोणतं चक्र कोणत्या चक्राला जोडायचं, हा चालकाचा हुकूम पेटीपर्यंत पोहोचवते ती दांडी.

१८९० च्या दशकात फ्रान्समध्ये पानार आणि लेव्हासर यांच्या कंपनीने सरकत्या चक्रांची गिअर बॉक्स मोटारीत रूढ केली. फिरतं चक्र दुसऱ्या फिरत्या चक्रात ढकलायचं, म्हणजे दात कराकरा वाजणारच. हा प्रकार रांगडा आहे पण चालतो, असं खुद्द लेव्हासर म्हणाल्याचं सांगितलं जातं. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं. जुळणी होण्याआधी दोन्ही चक्रांचा वेग सारखा करणारी ही योजना. तेव्हापासून गिअर टाकणं हे ताकदीचं काम राहिलं नाही.

दांडी तोवर फरशीतून वर येत होती. ती स्टिअरिंगला जाऊन चिकटली १९३० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत. १९३८ च्या पाँटिॲकमध्ये ही सोय मागणीप्रमाणे मिळू लागली आणि काही वर्षांत तिथे तीच रीत झाली. कारण साधं होतं. पुढे लांबलचक अखंड सीट. मधली दांडी गेली की तिथे तिसरा माणूस बसतो. युद्धानंतर युरोपनेही ही टूम उचलली. १९५३ मध्ये इटलीत फियाटची ११०० ही नवी गाडी आली, तिचा गिअर स्टिअरिंगवर होता. आणि ही गाडी थोड्याच दिवसांत मुंबईच्या कुर्ल्यात बनू लागली.

कुर्ल्याची गाडी

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पन्नाशीच्या दशकात फियाट आली. तिच्या आकारावरून लोकांनी पहिल्या ११०० ला 'डुक्कर फियाट' नाव ठेवलं. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ च्या सुमारास डिलाइट. सत्तरीच्या सुरुवातीला फियाटचं नाव गेलं. काही काळ ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' होती आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. इंजिन १०८९ सीसी, गिअर चार, पहिल्याला सिंक्रोमेश नाही, आणि दांडी स्टिअरिंगवर. लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले.

फरशीतली दांडी आपल्याकडे अनोळखी होती असं नाही. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डला ती होती. जीपमध्ये तर एक सोडून तीन दांड्या : एक गिअरची आणि दोन चारचाकी ताकदीच्या. ही जीप मुंबईत जोडणाऱ्या कंपनीचं १९४५ मधलं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली, आतला माणूस बदलला. इतिहासाचाही गिअर कधी कधी असा आवाज न करता पडतो.

तर फियाटची दांडी स्टिअरिंगवर होती आणि तिथेच राहिली. इटलीत फियाट पुढच्या गाड्यांकडे गेली, जगाच्या फॅशनी बदलल्या, दांडी परत फरशीवर आली. आपल्याकडे परमिट-लायसन्सचा जमाना. गाडी किती बनवायची, कोणती बनवायची, परदेशातून काय आणायचं, सगळ्याला सरकारी परवानगी. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारी गिऱ्हाइकं दारात उभी असताना कंपनीला बदलायची घाई नव्हती. म्हणून वडिलांनी घेतलेली आणि मुलाने घेतलेली गाडी जवळपास सारखीच असायची. गाडी नवी होत नव्हती. मग लोकांनी जुनीच नवी करून घ्यायला सुरुवात केली.

गिअर अडकतो तेव्हा

स्टिअरिंगवरचा गिअर, म्हणजे आपल्या बोलण्यातला 'हँड गिअर', नवा असताना लोण्यासारखा चालायचा. हात स्टिअरिंगवरून फारसा हलवावा लागत नसे. पण दांडी आणि गिअर बॉक्स यांच्यात अंतर मोठं. दांडीचा हुकूम स्टिअरिंगच्या दांड्याला समांतर नळीने खाली जाणार, तिथून लहान आर्म, मग सळ्या, सांधे, बुश असं करत पेटीपर्यंत पोहोचणार. सरकारी टपालासारखा. प्रत्येक सांध्याला बुश, प्रत्येक बुश झिजणारा. एकेका सांध्यात केसाएवढी फट पडली तरी वर हातात दांडी वीतभर डुलू लागते. दुसरा टाकावा तर पडत नाही, तिसऱ्यातून निघत नाही. कधी दोन गिअरच्या मध्येच अडकून बसतो. मग चालक भर चौकात खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा, आत हात घालून सळी मोकळी करायचा आणि कपाळाचा घाम पुसत परत बसायचा. हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी ऐंशीचं दशक पाहिलं नाही असं म्हणायला हरकत नाही.

यावर खरा इलाज म्हणजे सगळे बुश बदलणं. पण सुटा भाग अस्सल मिळेलच याची खात्री नसायची. अशा वेळी मिस्त्री दुसराच उपाय सुचवायचा : 'एवढा लांबचा वळसा कशाला? दांडीच पेटीजवळ नेऊ.'

मिस्त्री नावाचा कारखाना

'मिस्त्री' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. त्यांच्या 'मेस्त्र' या शब्दाचा अर्थ उस्ताद. मराठवाड्यात या उस्तादांची परंपरा जुनी आहे. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्यांनिशी हैदराबाद संस्थानात सेवा सुरू केली. १ जून १९४८ रोजी तिकडे पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. पुढे चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आली. बस डेपो, कार्यशाळा आणि रस्त्याकडेची गॅरेजं ही आमच्याकडची तंत्रशाळा. शाळा सोडलेला पोरगा पाने पुसण्यापासून सुरुवात करायचा. उस्तादचं बोलणं कमी आणि हातोड्याची मूठ पाठीत जास्त. पाच-सहा वर्षांनी तो नुसत्या आवाजावरून बेअरिंग ओळखू लागायचा. यात हिंदू होते, मुसलमान होते, शीख सरदारजी होते. गॅरेजची एक वेगळीच भाषा तयार झाली : मराठीचं व्याकरण, दखनीचा सूर आणि इंग्रजीचे घासून गुळगुळीत झालेले शब्द. सायलेंसरचं 'सालेंसर' झालं. आणि गिअर? तो आपण 'टाकतो', मग तो 'पडतो'. पडणं ही एरवी वाईट गोष्ट. गिअर पडणं मात्र चांगली. मराठीने यंत्राला दिलेलं हे क्रियापद मला फार आवडतं.

फियाटचा हँड गिअर फ्लोअर गिअर करणं हे या मिस्त्र्यांचं गाजलेलं काम. मोठ्या शहरांत त्याचे तयार किट मिळत. आमच्याकडे ते बरंचसं हातानेच व्हायचं. स्टिअरिंगवरची नळी आणि सळ्या काढायच्या. पेटीच्या वर एक जाड पत्र्याचा ब्रॅकेट बसवायचा. त्यात गोळा आणि वाटीचा सांधा. त्यातून नवी दांडी उभी करायची आणि तिची खालची टोकं आखूड सळ्यांनी पेटीच्या मूळ आर्मना जोडायची. मग फरशीच्या मधल्या उंचवट्याला भोक पाडायचं, दांडी वर काढायची आणि भोकावर रबरी बूट चढवायचा. तो बूट नीट बसला नाही तर उन्हाळ्यात खालची धग आणि धूळ, पावसाळ्यात चिखलाचं पाणी थेट पायावर.

वाळूजची लेथ

या कामाला आमच्याकडे खरा जोर आला तो वाळूजमुळे. १९ जानेवारी १९८४ रोजी पुणे रस्त्यावरच्या वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी झाली आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन. तेव्हाच्या औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, गंगापूर तालुक्यातल्या ज्वारी-बाजरीच्या रानात एक नवं गाव उभं राहिलं. मोठ्या कारखान्यामागोमाग सुटे भाग बनवणारे लहान कारखाने आले. आज एन्ड्युरन्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उद्योगाची सुरुवातही १९८५ मधलीच, बजाजला ॲल्युमिनियमचे ओतीव भाग पुरवण्यासाठी. गावोगावची आयटीआय झालेली मुलं टर्नर, फिटर, मिलर म्हणून इथे आली. रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटीत खोल्या भाड्याने गेल्या.

या वाळूजचं गिअरशी खास नातं आहे. बजाजची स्कूटर आणि रिक्षा दोन्ही डाव्या मुठीत गिअर असलेल्या. मूळ व्हेस्पाचा रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हा विमानं बनवणारा माणूस. त्याला मोटारसायकल आवडत नसे, म्हणून त्याने गिअर पायातून काढून हातात दिला. मग १९८६ मध्ये बजाजने एम-८० आणि कावासाकी केबी-१०० या दोन गाड्या आणल्या. पहिलीचा गिअर हातात, दुसरीचा पायात. हातातून पायात आणि स्टिअरिंगवरून फरशीवर, अशी गिअरची बदली आमच्या डोळ्यांदेखत चालली होती.

माझे मामू वाळूजच्या एका लहान कारखान्यात टर्नर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या नकाशाबरहुकूम हजारो सारखे भाग काढायचे. त्यांच्या ओळखीचा एक मिस्त्री फियाटची कामं घ्यायचा. त्याला दांडीचा गोळा, वाटी, पिना लागत. शहरात एका गॅरेजच्या मागे भाड्याची जुनी लेथ होती. मामू सुट्टीच्या दिवशी तिथे हे भाग काढून देत. मी शाळेतून, नंतर कॉलेजातून, त्यांच्याबरोबर जाऊन बसायचो. कारखान्यात त्यांना नकाशातलं माप चुकवायची मुभा नव्हती. इथे नकाशाच नव्हता. गाडीखाली आडवं पडून, सुतळीने माप घेऊन, त्या सुतळीला गाठ मारून ते परत यायचे. गाठ म्हणजे मोजमाप. त्या गाठीवरून जो भाग निघायचा तो त्या एका गाडीचा असायचा, दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नव्हे.

तरफेचा हिशेब

फ्लोअर गिअर बसला तरी काम संपत नसे. दांडी लांब असेल तर तिचा फेराही मोठा. पहिला टाकताना हात डॅशबोर्डला लागणार, दुसरा टाकताना दांडी मागे येऊन सीटला टेकणार. मग गिऱ्हाईक म्हणायचं, 'दांडी आखूड करा, फेरा कमी करा.' अमेरिकेत साठीच्या दशकात जॉर्ज हर्स्ट या माणसाने स्टिअरिंगवरचा गिअर फरशीवर आणणारे आखूड फेऱ्याचे संच विकून नाव कमावलं. आमच्या मिस्त्र्यांनी हर्स्टचं नाव ऐकलं नव्हतं. पण तरफेचा नियम कुणाच्या मालकीचा नाही. तो आर्किमिडीजच्या काळापासून सगळ्यांचा आहे.

हिशेब सोपा आहे. समजा, दांडी टेकूच्या वर ३० सेंटिमीटर आणि खाली १० सेंटिमीटर आहे. खालच्या टोकाला १२ मिलिमीटर सरकवायचं, तर वर हाताला तिप्पट, म्हणजे ३६ मिलिमीटर जावं लागेल. आता वरून ६ सेंटिमीटर कापून टाका. फेरा २९ मिलिमीटरच्या आसपास येतो. दुसरा मार्ग टेकूचा. दांडी तेवढीच ठेवून टेकू अडीच सेंटिमीटर वर न्या. वर साडेसत्तावीस, खाली साडेबारा. फेरा २६ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि दांडीची मूठ आहे त्या उंचीवर राहते. नुसती दांडी कापणारा मिस्त्री आणि टेकू उचलणारा मिस्त्री यांत हा फरक. पहिल्याला करवत पुरते, दुसऱ्याला डोकं लागतं. कारण टेकू उचलला की खालच्या सळ्यांचे कोनही बदलतात, ते पुन्हा जुळवावे लागतात.

पण दोन्हींत किंमत मोजावी लागते. फेरा कमी झाला की जोर वाढतो. टेकू उचललेल्या आपल्या उदाहरणात हाताला पूर्वीपेक्षा एक तृतीयांशाहून थोडा अधिक जोर लावावा लागेल. मामू दखनीत म्हणायचे, ''हात का रस्ता कम करे तो जोर बढता, बेटा. मुफत में कुछ नहीं मिलता.'' आणखी एक गोष्ट ते गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायचे. दांडीचा फेरा कमी झाला म्हणून आतली चक्रं लवकर जुळत नाहीत. त्यांना त्यांचा वेळ लागतोच. हात घाई करू लागला तर सिंक्रोमेशच्या पितळी कड्या झिजतात आणि पहिल्याला तर फियाटमध्ये कड्याच नव्हत्या. पुष्कळ गिऱ्हाइकं ऐकून घ्यायची आणि गाडी हातात पडताच घाई करायची. वर्षभरात कराकरा आवाज घेऊन परत यायची.

पुढच्या सीटचं राजकारण

आता जाहिरातीतल्या दुसऱ्या शब्दाकडे वळू. फ्लोअर गिअरबरोबर बकेट सीट का? कारण अखंड सीटपुढे दांडी नीट फिरत नाही. शिवाय जमाना बदलला होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. तिला फरशीतली दांडी आणि पुढे दोन स्वतंत्र खुर्च्या. काही काळाने प्रीमियरचीच ११८ एनई आली, तीही तशीच. स्टिअरिंगवरची दांडी एका रात्रीत म्हातारी ठरली. जुन्या फियाटवाल्याला नवी मारुती परवडत नव्हती. पण मिस्त्रीकडून दांडी खाली आणून घेणं परवडत होतं. जाहिरातीतल्या त्या दोन शब्दांचा अर्थ असा : गाडी जुनी आहे, पण काळाबरोबर आहे.

यात एक गोष्ट गेली, ती मात्र कुणी जाहिरातीत लिहिली नाही. अखंड सीटवर पुढे तिघं बसत. बाप गाडी चालवतोय, शेजारी आई, मध्ये धाकटं. लग्नाला, उरुसाला, वेरूळला जाताना एका फियाटमध्ये किती माणसं मावत याचे विक्रम प्रत्येक घरात आहेत. दोन बकेट सीट आल्या आणि पुढचा तिसरा माणूस मागे गेला; मागची गर्दी वाढली की कुणीतरी घरीच राहू लागलं. बहुधा म्हातारं माणूस. ज्या वाहनांना पुढची गर्दी सोडून चालणार नव्हतं, त्यांनी वेगळी तडजोड केली. शहर ते वाळूज, गंगापूर धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसलेल्यांना ती माहीत आहे. दांडी मधल्या प्रवाशाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, आणि दर गिअरला चालकाचा आवाज : 'भाऊ, पाय घ्या!'

नव्वदीच्या अखेरीस, आपल्या शेवटच्या काळात, खुद्द कंपनीने पद्मिनीला फ्लोअर गिअर आणि बकेट सीट दिले. मिस्त्र्यांनी जे पूर्वीच केलं होतं, ते कारखान्यातून येऊ लागलं तेव्हा उशीर झाला होता. पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला, लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले. तिला जगवणाऱ्यांचे फोटो फारसे आले नाहीत.

अस्सल कशाला म्हणायचं?

हा विषय आज काढायला एक कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली खासगी दुचाकी-चारचाकी 'विंटेज' ठरू शकते, तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. त्याआधी ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं होतं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत. दोन्हींचा हेतू चांगला आहे. रस्त्यावरच्या माणसाचा जीव वाचावा आणि जुना ठेवा जपला जावा, याला कोण नाही म्हणेल? सायलेंसर कापून कानठळ्या बसवणाऱ्यांना आवर घालायलाच हवा.

पण १९७४ ची पहिली पद्मिनी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. तिला वेगळी चासी नाही. फरशी हाच बॉडीचा भाग. त्या फरशीला १९८८ मध्ये कुणा मिस्त्रीने मूठभर भोक पाडलेलं असेल, तर ते 'मोठा फेरफार' आहे की नाही, हे तपासणारा ठरवील. गाड्या जपणारे हौशी लोक मात्र ते आधीच ठरवून बसले आहेत. ते भोक पत्रा वितळवून बुजवतात, कुठून तरी जुनी नळी शोधून दांडी पुन्हा स्टिअरिंगवर चढवतात आणि म्हणतात, 'आता अस्सल झाली.' चार-पाच वर्षांपूर्वी एका स्नेह्याची गाडी अशी 'अस्सल' होताना मी पाहिली. काढून टाकलेला ब्रॅकेट भंगाराच्या पाटीत पडला होता. त्याच्या वेल्डिंगचे टाके एकसारखे, माशाच्या खवल्यांसारखे. भंगारवाल्याने तो वजनावर नेला.

मला विचाराल तर अस्सल गाडी कोणती? कारखान्यातून निघाली तशी, की आपल्या माणसांबरोबर जगली तशी? कारखान्याने ती एका दिवसात जोडली; मिस्त्र्यांनी ती चाळीस वर्षं सांभाळली. ते भोक म्हणजे गाडीवरचा डाग नव्हे, तो तिच्या आयुष्याचा दाखला आहे. त्यात टंचाई आहे, परमिटराज आहे, मारुतीचा हेवा आहे, आणि नकाशाशिवाय काम करणारा एक हात आहे. जुन्या इमारतीची दुरुस्ती करताना जाणकार लोक नंतरच्या काळातलं चांगलं कामही जपतात. गाड्यांच्या बाबतीत तो विवेक आपल्याला अजून शिकायचा आहे.

आणि वेळ फार नाही. दांडीच आता निघून चालली आहे. २०१४ पासून स्वस्त मोटारींतही आपोआप गिअर बदलणारी व्यवस्था आली. वाळूजच्या कारखान्यात बनलेल्या 'क्यूट' या चिमुकल्या चारचाकीत दांडी डॅशबोर्डवर जाऊन बसली. बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटर बंद करायचं जाहीर केलं. जानेवारी २०२० मध्ये 'चेतक' हे नाव परत आलं ते विजेवर, आणि मुठीत गिअर नव्हता. विजेच्या मोटारीला बहुतेक वेळा गिअर बदलण्याची गरजच नसते. अजून वीस-पंचवीस वर्षांनी 'गिअर पडला' हे वाक्य मुलांना समजावून सांगावं लागेल.

त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. सोय वाढली तर चांगलंच आहे. करण्यासारखं काम मात्र आहे. आपल्या गावातल्या जुन्या मिस्त्रीकडे जा. तो बहुधा सत्तरीच्या पुढे असेल. त्याने कोणत्या गाड्या बदलल्या, कशा बदलल्या, माप कसं घेतलं, कुणाकडून शिकला, हे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प म्हणून देता येईल. आणि कुणाच्या अंगणात हँड गिअरची फ्लोअर गिअर झालेली फियाट उभी असेल, तर ते भोक बुजवण्याआधी त्याचा एक फोटो काढा, ब्रॅकेट जपून ठेवा आणि त्याला चिठ्ठी बांधा : कुणी केलं, कुठे केलं, कोणत्या साली केलं. तीन ओळी पुरतील. छोट्या जाहिरातीएवढ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)